कोंडा या शब्दाचं माझं भाषांतर

मुलांनो,

आजवर मी तुम्हाला नेहमी इंग्रजीत लिहिलं. वाढदिवसाची पत्रं, परीक्षेच्या आधीच्या सूचना, अगदी मोदकाच्या उकडीचं प्रमाणसुद्धा. या वेळी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, काही शब्द बाबांना विचारावे लागतील. लागू देत. माझ्या इंग्रजीने एकदा फार नुकसान केलं आणि त्याची हकिगत त्याच भाषेत सांगायची मला इच्छा नाही.

आत्ताच का, तेही सांगते. गेल्या महिन्यात फोनवर थोरली म्हणाली, "आजी, ते सगळं माझ्यामुळे झालं ना?" मी म्हटलं, "छे, काहीतरीच," आणि तिकडच्या बर्फाची चौकशी केली. तिने बर्फाबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि फोन ठेवला. इतकी वर्षं वर्गात उभी राहिले आहे; उत्तर पटलेलं नसलं की मुलांचा आवाज कसा होतो ते मला कळतं. खरं उत्तर देण्याआधी मला दोन माणसांना भेटणं भाग होतं. दोघांना भेटून आले आहे. आता क्रमाने सांगते.

आपल्या घरासमोरची भाताची गिरणी तुम्ही पाहिली आहे. पेणच्या शाळेतून निवृत्त होऊन मी तुमच्या आजोबांबरोबर रोह्याकडच्या खांब नाक्याजवळच्या या गावी राहायला आले, तेव्हापासून सकाळ झाली हे मला गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावरून कळायचं. आजोबा गेल्यावर तर घरात तोच एक आवाज होता. गिरणी चाचांची. त्यांचं घराणं इथे किती पिढ्यांचं आहे ते कोणी मोजलेलं नाही. भाऊ आणि पुतणे आखातात, चाचा मात्र गिरणी सोडून कुठे गेले नाहीत. भात गिरणीत घातलं की वरचं टरफल निघतं ते तूस, आणि तांदळावरचा बारीक भुरकट पदर निघतो तो कोंडा. दिवसभर काम केलं की चाचांच्या भुवयांवर, टोपीवर आणि दाढीत कोंडा बसलेला असायचा. डोक्यात होतो त्यालाही आपण कोंडाच म्हणतो. हे लक्षात ठेवा.

दुसरे मामा. सारा गाव त्यांना मामा म्हणतो. तरुणपणी मिठागरावर काम केलं, मग खाडीकडची खारी शेती. शिमग्यात बोंब घालायचा मान त्यांचा. शिमग्याच्या दिवसांत आमच्याकडे ढोल घेऊन दारोदार जातात. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तोंडावर हात मारून ओरडायचं. ज्याच्या दारात उभं राहायचं त्याचीच टिंगल. त्याने रागवायचं नाही, आणि नुसतं हसूनही भागत नाही. उलट टोला द्यावा लागतो. देता आला नाही तर पुढच्या शिमग्यापर्यंत त्याची सुटका नाही. माझ्या दारात मामा दरवर्षी म्हणायचे:

"बाईंनी शिकवली एबीसीडी,
पोरांनी केली परदेशाची शिडी!"

मला कधी उत्तर सुचलं नाही. मी नारळ द्यायचे आणि दार लोटून घ्यायचे.

चाचांच्या दारातली बोंब अशी होती:

"चाचाच्या दाढीत कोंडा रे कोंडा,
देवाच्या भातात धोंडा रे धोंडा!"

ग्रामदेवतेच्या भंडाऱ्याचे तांदूळ चाचांच्या गिरणीतून येतात. त्यात खडे राहतात, असा हा आरोप. मग चाचा पायरीवर येऊन कमरेवर हात ठेवत आणि म्हणत, "अरे, धोंड्याला धोंडा चालतो! तुझं बोल. तुला दात हायेत काय?" मामांच्या तोंडात तेव्हाच चार दात उरले होते. सगळं अंगण हसायचं. देवळाचे पुजारीही हसायचे.

दोन वर्षांपूर्वी शिमगा रोज्यात आला. चाचांनी पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तरी दारात आलेल्या प्रत्येकाच्या हातावर गूळखोबरं ठेवत होते. मामा म्हणाले, "काय चाचा, पोटात नाय पानी आनि जीभ कशी चालतेय?"

"पोटाचा रोजा टिकलाय. जिभेचा तू मोडवलास, मेल्या."

मी गॅलरीत होते. तुम्ही दोघांनी कितीदा विचारलं होतं की शिमगा म्हणजे काय, म्हणून मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ टिपत होते. नंतर टेबलाशी बसून ते नीटनेटकं केलं. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. मधली देवाच्या भाताची ओळ ढोलाच्या दणक्यात ऐकू येत नव्हती, ती मी गाळली. जे उरलं त्याचे दोन भाग केले, त्यांना एक आणि दोन असे आकडे दिले आणि प्रत्येकाखाली इंग्रजी ओळ लिहिली.

पहिल्या भागात चाचांची दाढी. कोंड्याला इंग्रजीत ब्रॅन म्हणतात, पण तुम्हाला तो सकाळी दुधात घालून खायचा पदार्थ वाटला असता. म्हणून मी डँड्रफ लिहिलं. चाचा म्हणजे कोण हेही तुम्हाला कळायला हवं होतं. म्हणून चाचा हा शब्द काढला आणि म्हातारा मुसलमान असं घातलं. दुसऱ्या भागाखाली लिहिलं की तुमचा हिंदू देव म्हणजे दगड आहे. त्याला दगड चालतील. हिंदू हा शब्दही माझाच. चाचांनी तो उच्चारला नव्हता, मुसलमान हा शब्द मामांनी उच्चारला नव्हता. अंगणात दोघांनाही त्या शब्दांची गरज नव्हती.

दोन्ही भाग मी आपल्या घरच्या ग्रुपवर पाठवले. थोरलीला ते फार आवडले. तिने विचारलं, "आजी, मी माझ्या पेजवर टाकू?" मी लिहिलं, "आनंदाने." तिथून ते कोणी उचलले आणि कुठे नेले ते मला माहीत नाही. एवढं कळलं की दोन्ही भाग एकत्र कुठेच गेले नाहीत. पहिला एका प्रकारच्या लोकांकडे गेला, दुसरा दुसऱ्या. खालच्या ओळी त्यांच्याबरोबर गेल्या.

आठ दिवसांनी मामा खांबच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभे होते. भर दुपारी दोन गाड्यांवरून चौघे जण आले. आपल्या गावचे नव्हते, ओळखीचे नव्हते. एकाने मोबाईल पुढे धरून विचारलं, "हा तूच का?" मामांना वाटलं, आपली बोंब लांबवर पोचली आणि हे कौतुक करायला आले आहेत. ते म्हणाले, "व्हय, मीच तो," आणि त्यांना नीट ऐकू यावं म्हणून तिथेच, रस्त्याच्या कडेला, हात वर करून पुन्हा म्हणायला लागले.

दुसऱ्या ओळीपर्यंत त्यांना जाऊ दिलं नाही. उजव्या डोळ्याने त्यांना आता नुसता उजेड दिसतो.

चार दिवसांनी दुसरी माणसं गिरणीवर आली. हीसुद्धा बाहेरची. देवाच्या नावाच्या घोषणा देत आली. भंडाऱ्याच्या तांदळाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. चाचा पायरीवर येऊन उभे राहिले, जसे शिमग्यात राहायचे तसेच. त्यांचं मनगट मोडलं. गिरणीचा पट्टा कापला, मागच्या तुसाच्या ढिगाला आग लावली. तूस एकदम पेटत नाही. आतून धुमसत राहतं. पुढे आठवडाभर आपल्या घरात, कपड्यांत, भातात त्याचा वास होता. मी गॅलरीची दारं बंद करून बसले.

मग रोह्याहून पोलिसांचा निरोप आला. मला वाटलं, आलं ते माझ्यावर. पण तिथे अधिकारी उठून उभे राहिले. ते नुकतेच लांबच्या जिल्ह्यातून बदलून आले होते. म्हणाले, "बसा बाई. दोन्हीकडच्या तक्रारी आहेत, धार्मिक भावना दुखावल्याच्या. बोलणं गावठी आहे, आमच्या लोकांत एकमत होत नाही. खाली इंग्रजी आहे ते स्पष्ट दिसतंय. इथे सगळे तुमचं नाव घेतात. एवढं मराठी करून द्या."

त्यांनी कागद पुढे केला. त्यावर माझ्या दोन ओळी छापलेल्या होत्या. दुसरीतला अर्धविरामसुद्धा जागच्या जागी होता. प्रत्येक वर्गाला मी सांगत आले की अर्धविराम विचार करून वापरा.

मी चष्मा पुसला आणि भाषांतर केलं. म्हाताऱ्या मुसलमानाच्या दाढीत डोक्यातला कोंडा. तुमचा हिंदू देव म्हणजे दगड. अक्षर चांगलं काढलं. खाली सही केली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे इंग्रजी कोणी लिहिलं असेल, काही अंदाज?"

"शिकलेल्या माणसाने," मी म्हटलं.

ते हसले. माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्याले.

कोंडा म्हणजे तांदळाचा कोंडा, एवढं एक वाक्य मी तिथे बोलू शकले असते. बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता की मग इंग्रजीत असं का लिहिलंय, आणि तुम्हाला कसं माहीत. म्हणून नाही बोलले. पुढे काही महिन्यांनी मामा आणि चाचा दोघांनाही समज देऊन प्रकरण मिटवलं गेलं. समज कसली दिली, ते मला विचारू नका. माझ्या सहीचा कागद त्या फायलीत असेल.

मारणाऱ्यांचा अपराध माझ्यामुळे कमी होत नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. हात त्यांचे होते. मामांना टिंगल करायचा हक्क होता आणि चाचांना उलट बोलायचा. या विषयावर मी मुलांकडून पुष्कळ निबंध लिहून घेतले आणि त्यांना चांगले गुण दिले. आजही माझं मत तेच आहे. शब्दाला शब्दाने उत्तर द्यावं आणि ज्याला सुचत नाही त्याने घरी जावं. पण त्यांच्यापर्यंत जे पोचलं ते मामांचं आणि चाचांचं बोलणं नव्हतंच. ते माझं होतं.

त्यानंतर चाचा पेणला मुलीकडे राहायला गेले. गिरणीला कुलूप. भात भरडायला लोक कोलाडला जातात. सकाळ आता आवाजाशिवाय होते. पूर्वी माझ्याकडे माणसं यायची, आखातात जाणाऱ्यांचे अर्ज भरून घ्यायला, कंपनीची पत्रं वाचून घ्यायला. ती येणं हळूहळू थांबलं. मला वाटलं, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, मोबाईलच भाषांतर करून देतो. टेबलावर मी कोरे कागद, पेनं आणि शिक्क्याची शाई नेहमीसारखी मांडून ठेवत असे. संध्याकाळी धूळ झटकून पुन्हा मांडत असे. पुढच्या शिमग्यात ढोल वाजला नाही. मी मात्र दोन दिवस नारळ सोलून ठेवला होता.

थोरलीच्या फोननंतर मी आधी मामांकडे गेले. ते अंगणात दोरी वळत बसले होते. मान थोडी उजवीकडे वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मामा, ते मोबाईलवर मी टिपलं होतं. खालचं इंग्रजीही माझंच होतं."

त्यांचा हात थांबला नाही. "ठाव हाय."

"कधीपासून?"

"दवाखान्यात पोलिसानं दाखवलं तवाच. वरनं काढलंय. खालच्या कोपऱ्यात निळी जाळी दिसते. सगल्या गावात निळी जाळी तुमच्याच गॅलरीला हाय."

"मग पोलिसांना सांगितलं का नाही?"

"त्यांनी इचारलं कुठं? इचारलं, शिवी दिलीस का. मी बोललो, दिली. शिमगा व्हता."

मामी आतून पदराला हात पुसत आल्या. "आमी तरी काय बोलायचं गो बाय? तुमी रोज समोर दिसायच्या. वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. मंग लोकांनी तुमच्याकडं येयाचंच सोडलं."

म्हणजे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणाला कळलेलं नाही असं समजून मी दोन वर्षं दार लावून बसले होते, आणि माझ्या दाराबाहेर सगळे तेच गुपित मनात धरून गप्प होते.

"बसा आता," मामा म्हणाले. "दोन वर्सं लागली तुमाला एक ओळ बोलाया. आनि पोरांना परीक्षेत तीन तास द्यायच्या!"

मामी खोटंखोटं रागावल्या, "गप रवा हो." मग मला विचारलं, "च्या घेशील ना गो?" त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली. मी चहा घेतला. मामांची माफी मागायचं ठरवून गेले होते, ती मागितली. त्यांनी ऐकून घेतली आणि दोरीचं टोक माझ्या हातात दिलं, ताणून धरायला.

पेणचं काम सोपं झालं नाही. चाचांच्या मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिनेच दार उघडलं. ती शाळेत माझीच विद्यार्थिनी होती, पण त्या दिवशी तिने मला वाकून नमस्कार केला नाही, नुसती खुर्ची दाखवली. चाचा खिडकीजवळ बसले होते. दाढी स्वच्छ पांढरी होती. मी ती तशी कधीच पाहिली नव्हती. उजवं मनगट वाकडं जुळलं आहे.

मी सांगितलं. मामांना सांगितलं त्याहून जास्त सांगितलं, पोलीस ठाण्यातलंही. चाचांनी शेवटपर्यंत बोलू दिलं. मग विचारलं, "इंग्रजीत काय लिवलंत? कोंड्याला?"

मी शब्द सांगितला. मुलीने त्यांना अर्थ सांगितला.

"गलत लिवलंत," चाचा म्हणाले. "तो तांदळाचा कोंडा व्हता. माझ्या धंद्याचा. डोक्यातला नाय."

"हो. चुकलंच."

"आनि मुसलमान कशाला घातलंत?"

"मुलांना कळावं म्हणून."

"चाचा म्हनल्यावर कळलं नसतं?"

"त्यांना नसतं कळलं."

"मंग नसतं कळू द्यायचं, बाई."

तुम्हाला सगळं समजावून सांगण्याची मला जन्मभर हौस. काही गोष्टी तुम्ही इथे येऊन, त्या अंगणात उभं राहून, अर्ध्यामुर्ध्या समजल्या असत्या तरी चाललं असतं.

मी माफी मागितली. चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पट्टा कापला ते दुसऱ्यांनी. त्यांच्याशी माझा हिसाब अल्ला करील. तुमी घरच्या व्हत्या." मुलीने पाणी आणून ठेवलं. मी ते प्याले. पुन्हा या, असं कोणी म्हणालं नाही. मी उठले तेव्हा बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, "मामा तुमची आठवण काढतात."

"आठवण कसली काढतोय? दर शुक्रवारी फोन करतो हरामखोर," चाचा म्हणाले. "नमाज संपली की लगेच. बोलतो, तुझी दाढी आता कोन बघतंय? मी बोलतो, तुझा एक डोळा हाय, तू बघ. मंग तो भाताचं सांगतो. या वर्सी खारं पानी शेतात शिरलं, ते सांगत व्हता." एवढं बोलून ते थांबले. मी इथे कोण म्हणून आले आहे ते त्यांच्या लक्षात आलं असावं. "जावा आता. एसटी चुकेल."

मामांनी मला त्या फोनबद्दल काही सांगितलं नव्हतं. दोन वर्षं चाललं आहे, मला पत्ता नाही. वडखळ येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते. मला वाईट वाटलं आणि ते वाटणं बरोबरच आहे, असंही वाटलं.

आता थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तुझ्यामुळे झालं नाही. तू विचारलं होतंस. परवानगी मी दिली, शब्द मी निवडले, मधली ओळ मी गाळली, आणि बोलायची वेळ आली तेव्हा मी बोलले नाही. हे ओझं माझं आहे आणि ते मी तुला देणार नाही. धाकट्याला हे सगळं कळलं नाही तरी चालेल. तेव्हापासून बंद असलेलं तुझं पेज तसंच ठेवायचं की उघडायचं ते तू ठरव.

गिरणी बंद आहे. गावात बोंब होत नाही. मामांचा डोळा आणि चाचांचं मनगट पूर्वीसारखं होणार नाही. माझ्याकडे मामी गुरुवारी येतात, थोडा वेळ बसतात, फारसं बोलत नाहीत. चाचांचा मला फोन येत नाही. मामा आणि चाचांचं एकमेकांना शिव्या देणं मात्र अजून चालू आहे, दर शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर.

आजी